हे डाक्टर कोण्या दिवशी बसते?

अकोल्यात आणि आसपासच्या चार तालुक्यांत नाक, कान किंवा घसा असलेला असा माणूस शोधून सापडायचा नाही, ज्याच्या नाकात, कानात किंवा घशात माझ्या ताईच्या सासऱ्यांनी कधी ना कधी डोकावून पाहिलेलं नाही. धान्याचे अडते, जिनिंगमध्ये नाकातोंडात रुई भरून घेणारे मजूर, कृषी विद्यापीठातले प्राध्यापक, एकमेकांचं तोंड न पाहणारे दोन पक्षांचे पुढारी आणि त्यांच्या घोषणा देऊन घसे बसलेले कार्यकर्ते, सगळे त्यांच्या फिरत्या खुर्चीत बसून आ वासून गेलेले आहेत. लग्नाकार्यात आपण माणसं चेहऱ्यावरून ओळखतो, मामाजी, म्हणजे ताईचे हे सासरे, आतून ओळखतात. "हे पाटील, यायच्या नाकाचं हाड डावीकडं हाय," अशी ते ओळख करून देत आणि पाटील ओशाळून नमस्कार करत. ताईचं लग्न ठरवायला आम्ही अमरावतीहून पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो, तेव्हा सगळे एकमेकांना पोहे घ्या, पोहे घ्या म्हणत होते आणि हे मात्र माझ्याकडे टक लावून पाहत होते. मला वाटलं, मुलीचा भाऊ काय करतो, कमावतो किती, असं काही विचारतील. बऱ्याच वेळाने म्हणाले, "रात्री तोंडानं श्वास घेता काय?" मी घेत होतो. पुढच्याच महिन्यात ताईचं लग्न आणि माझ्या नाकाचं ऑपरेशन अशी दोन्ही कार्यं एकाच मांडवाच्या खर्चात उरकली, असं माझे वडील अजून सांगतात.

दुसऱ्यांच्या नाकांवर आयुष्य काढलेल्या या माणसाला देवाने, म्हणजे मामाजी देव मानत नाहीत म्हणून निसर्गाने म्हणू, स्वतःचं नाक देताना हात अजिबात आखडता घेतला नव्हता. ते कपाळातून निघतं, मध्ये एकदा विचार बदलतं आणि वरच्या ओठावर येऊन टेकतं. दवाखान्याच्या दारातून आधी नाक येतं आणि मग डॉक्टर येतात, असं त्यांचे कंपाउंडर वानखडे म्हणतात, अर्थात डॉक्टर आत गेल्यावर. मी शाळेत चित्रकला शिकवतो. नाकाच्या बाबतीत माझी नजर धंद्याची आहे, पण लग्नात पांढऱ्या शालूतल्या ताईशेजारी उभं राहून जेव्हा मी त्यांना पहिल्यांदा नीट पाहिलं, तेव्हा आईने मागून माझ्या पाठीला चिमटा काढला होता. मुलीकडच्या माणसाने व्याह्याच्या नाकाकडे इतकं पाहायचं नसतं. मामाजींना मात्र त्या नाकाचा केवढा अभिमान. वाईट एवढंच वाटायचं की त्याची दखल कोणी घेत नाही.

हे दखलीचं वेड त्यांना लागलं दवाखान्यातल्या चित्रांपासून. तरुणपणी कसल्याशा परिषदेसाठी ते मुंबईला गेले होते. तिथे भाषणं चालू असताना हे बाहेर पडले आणि जुने कागद विकणाऱ्या एका दुकानात शिरले. राणीच्या काळात लंडनहून एक साप्ताहिक निघत असे आणि त्यात अंकागणिक एका बड्या माणसाचं रंगीत अर्कचित्र छापून येई. त्यातली डॉक्टरांची दोन-चार चित्रं त्यांना त्या दुकानात मिळाली. परिषदेत काय झालं ते त्यांना आजही ठाऊक नाही, पण चित्रं मात्र त्यांनी ट्रंकेत कपड्यांच्या घड्यांमध्ये घालून अकोल्याला आणली आणि नंतर मिळतील तिथून, अलीकडे तर सुनेला कॉम्प्युटरवर बसवून, आणखी मागवत राहिले. आता दवाखान्यात पेशंट बसतात त्या खोलीच्या तिन्ही भिंती या साहेबांनी भरल्या आहेत. एकाचं डोकं भोपळ्याएवढं आणि पाय काडीएवढे. एक पोट पुढे करून खिशातलं घड्याळ पाहतोय, समोरचा रोगी बहुधा वेळेवर मरत नसावा. एक शस्त्रवैद्य बाह्या सरसावून असा उभा आहे की आता आपला पाय वाचत नाही असं पाहणाऱ्याला वाटावं. आणि मधोमध, मामाजींचा लाडका, कपाळावर गोल आरसा बांधलेला एक घशाचा डॉक्टर, हनुवटीपाशी एकदम संपणारा, जणू चित्रकाराचा कागद संपला.

मामाजींच्या म्हणण्याप्रमाणे त्या काळच्या डॉक्टरांना या चित्रांचा राग येत नसे. उलट ज्याचं चित्र छापून आलं नाही, तो मनातून खट्टू होई आणि ज्याचं आलं, तो आपली विद्रूप प्रतिमा चौकटीत घालून घरात लावी. खरंखोटं त्या साहेबांनाच माहीत, पण मामाजी हे अशा थाटात सांगत की राणीचा राजवैद्य काल संध्याकाळी टॉवर चौकात भेटून त्यांना सांगून गेला असावा. "ज्या डाक्टरवर गावाले हासता येते ना सर," ते मला म्हणत, "त्याच डाक्टरजोळ गाव खरं बोलते." मी ड्रॉइंगचा मास्तर म्हणून ते मला सर म्हणतात. वयाने मी त्यांच्या मुलाहून लहान, त्यात मुलीकडचा. त्या सर म्हणण्यात आदर किती आणि गंमत किती, हे मला अजून उमगलेलं नाही.

पेशंटांनी या चित्रांचा लावलेला अर्थ मात्र अगदी आमच्याकडचा होता. अकोल्यात बाहेरगावचे मोठे डॉक्टर ठरलेल्या वारी येऊन बसतात. नागपूरचे मेंदूवाले रविवारी, अमरावतीचे किडनीवाले बुधवारी, असे त्यांचे फोटो आणि वार दवाखान्यादवाखान्यांत भिंतीवर लावलेले असतात. त्यामुळे अकोटकडून एसटीने येणाऱ्या माणसाला भिंतीवरचे हे गोरे साहेब पाहून एकच प्रश्न पडे, "हे डाक्टर कोण्या दिवशी बसते?" वानखडे सुरुवातीला समजावून सांगत की ही जुनी चित्रं आहेत, हे सगळे कधीच वारले. पण मेलेल्या डॉक्टरांचे फोटो दवाखान्यात लावलेले पाहून लोकांचा धीर खचू लागला, तेव्हा वानखड्यांनी शहाणपणाने उत्तर बदललं आणि "सध्या फॉरेनले गेले हायेत" असं सांगायला लागले. एका आजोबांचा घड्याळवाल्या डॉक्टरवर भारी विश्वास बसला. एवढा बारीक वेळ पाहणारा माणूस रोग सोडणार नाही, असं त्यांचं म्हणणं. ते दर खेपेला आधी मामाजींना दाखवत आणि जाताना घड्याळवाल्यासमोर उभं राहून, ते फॉरेनहून आले का, याची चौकशी करत. मामाजींना हे कळलं तेव्हा त्यांना असूया वाटली नाही, गहिवरून आलं. शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाची प्रॅक्टिस अकोल्यात चालू आहे, याहून चित्रकाराला आणखी काय पाहिजे, असं ते मला सांगत राहिले.

फक्त एकदा ते चिडले. एका गुरुपौर्णिमेला कोण्या कृतज्ञ पेशंटाने भिंतीवरच्या एका दाढीवाल्या साहेबाला झेंडूचा हार घातला आणि उदबत्ती लावली. मामाजींनी स्वतः खुर्चीवर चढून तो हार काढला. मी तिथे होतो. खाली उतरून हात झटकत ते म्हणाले, "एकदा हार घातला का मंग कोणी चेहरा पाहत नाई." त्यांच्या घरात माणसांना हार घालायची पद्धत नाहीच, सत्काराला गेले तरी ते हार हातात घेतात आणि शेजारच्याच्या मांडीवर ठेवून देतात. हा बाणा त्यांनी वडिलांकडून घेतलाय. मामाजी घरातला पहिला शिकलेला माणूस, पहिला डॉक्टर, तेव्हा लोकांनी त्यांच्या पाया पडायला सुरुवात केली की वडील मागून खाकरत, असं ते सांगतात.

आणखी किती सवयी सांगाव्यात. त्यांच्या टेबलावर काचेची एक बरणी आहे आणि तिच्यात पोरांच्या नाकाकानांतून काढलेला ऐवज आहे. तुरीचे दाणे, हरभरे, माळेचे मणी, खोडरबराचे तुकडे, गणपतीच्या मुकुटावरचा एक खडा. नवा पेशंट आला की ते बरणी हलवून दाखवतात, त्याशिवाय तपासणी सुरू होत नाही. कानाचं मशीन लावायला लाजणाऱ्या माणसांना ते असं झापतात की बाहेर बसलेल्यांच्याही कानांच्या पाळ्या लाल व्हाव्यात. "डोयाले चष्मा लावता तं कानाले कायची लाज?" हे त्यांचं वाक्य रस्त्यावरच्या पानठेल्यापर्यंत पाठ आहे, कारण ते तिथपर्यंत ऐकू जातं. आवाज त्यांचा आधीपासूनच मोठा, पण अलीकडे तो फारच वाढला होता. त्यांच्या टीव्हीवरच्या बातम्या शेजारपाजारची चार घरं ऐकत असत, त्यामुळे त्या आळीत कोणी स्वतःचा टीव्ही लावत नसे. फोन त्यांना आवडेनासा झाला होता. गप्पांत ते स्वतःच बोलत, समोरच्याची पाळी आली की "बरं बरं" म्हणून मान हलवत आणि विषय पुन्हा लंडनला नेत. आम्ही सगळे म्हणायचो, वय झालं की माणूस रंगात येतो.

मग त्यांचा अमृतमहोत्सव आला. गावातल्या डॉक्टरमंडळींनी सत्कार ठरवला आणि चौकात फ्लेक्स लागला. फ्लेक्सवर मामाजी हात जोडून उभे होते आणि छापणाऱ्याने आदरापोटी कॉम्प्युटरवर त्यांचा रंग दोन हात उजळ केला होता, सुरकुत्या काढल्या होत्या आणि नाक सोयीपुरतं ठेवलं होतं. मामाजी खास रिक्षा करून तो पाहायला गेले. फ्लेक्सखाली उभं राहून त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्याला विचारलं, हा माणूस कोण. एक जण म्हणाला, कोणी पुढारी असेल. दुसरा म्हणाला, कालच वारला वाटतं. घरी आल्या आल्या त्यांनी मला अमरावतीला फोन लावला. फोन त्यांना आवडत नसल्यामुळे माझं काही न ऐकता त्यांनी त्यांचं सांगितलं आणि ठेवून दिला. सांगितलं ते एवढंच, की मले शाल नको, नारळ नको, त्या साहेबांसारखं माहं एक चित्र काढा, आरसेवाल्याच्या शेजारी जागा रिकामी करून ठेवली हाय.

आता हे काम दिसायला सोपं होतं. जगातलं कोणतंही पोर त्या चेहऱ्याचं अर्कचित्र डोळे मिटून काढेल. पण मी मुलीकडचा. पेन्सिल कागदाला टेकली की आईचा तो चिमटा पाठीत उठायचा. पहिलं चित्र मी पाठवलं त्यात नाक थोडं आवरतं घेतलं होतं आणि डोळ्यांत करुणा आली होती. परत आलेल्या चित्रावर त्यांनी लाल पेनने लिहिलं होतं, "दहापैकी तीन. हे कोण?" दुसऱ्या चित्रात मी मन घट्ट करून नाक पुरं काढलं, पण मग भरपाई म्हणून मागे उगवता सूर्य टाकला. त्याला दोन गुण मिळाले. माझ्या वर्गातल्या पोरांना मी इतकी वर्षं गुण देत आलो, पण नापास होणं इतकं झोंबतं हे मला या वयात समजलं. शेवटी त्यांनीच फर्मान काढलं की तुमी इथं या, दिवसभर कोपऱ्यात बसा आणि मले काम करतानी पाहा. दिवाळीच्या सुटीत मी बडनेऱ्याहून गाडी धरली आणि अकोल्याला जाऊन त्यांच्या तपासणीच्या खोलीत स्टूल टाकून बसलो.

मी चेहरा पाहायला गेलो होतो, पण चित्रकाराच्या डोळ्याला हातही दिसतात. मामाजींचा डावा हात सारखा कानामागे जात होता. पेशंट बोलत असताना ते त्याच्या तोंडाकडे पाहत नसत, आधीच आरसा लावून बत्ती पेटवून कामाला लागत. अकोटकडच्या एक म्हाताऱ्या मावशी आल्या. आल्याबरोबर वाकून त्यांनी पायांवर डोकं ठेवलं, मामाजींनी पाय मागे घेतले, त्या खुर्चीत बसल्या आणि मान खाली घालूनच म्हणाल्या की उजवा कान दुखतो. मामाजी म्हणाले, "बरं बरं," आणि त्यांनी डावा कान धरला. मावशींनी तो निमूटपणे पुढे केला. मामाजींनी त्या कानातून मोठ्या कौशल्याने मळाचा गोळा काढला, तो त्यांना दाखवला, पोरांच्या बरणीची गोष्ट सांगितली. मावशींनी पुन्हा पायांवर डोकं ठेवलं आणि उजव्या कानावर पदर दाबून बाहेर गेल्या.

मी त्यांच्या मागे बाहेर आलो, तर वानखडे त्यांना हाताला धरून मागच्या दाराने आमच्या भाऊजींच्या, म्हणजे मामाजींच्या मुलाच्या, खोलीत नेत होते. भाऊजीही कान-नाक-घशाचेच डॉक्टर. आणि तिथे मावशी एकट्या नव्हत्या. सकाळपासून मामाजींनी तपासलेले सगळेच्या सगळे त्या मागच्या बाकावर बसले होते. हीच दवाखान्याची रीत झाली होती. आधी समोरच्या दाराने मोठ्या डॉक्टरांपुढे बसायचं, मग मागच्या दाराने लहान डॉक्टरांकडे जाऊन पुन्हा दाखवायचं. कोणी कोणाला सांगितलेलं नव्हतं, तरी सगळ्यांना माहीत होतं, फक्त एका माणसाला सोडून. मी वानखड्यांकडे पाहिलं. ते हळूच म्हणाले, "लोकं म्हणते, मोठ्या डाक्टरचं दर्शन आन् लहान डाक्टरची दवाई."

आधी मला हसू आलं, मग तो झेंडूचा हार आठवला. ज्या माणसाने खुर्चीवर चढून हार काढला, त्यालाच सगळ्या गावाने मिळून हार घातला होता. दुपारी स्वयंपाकघरात ताईने मला बाकीचं सांगितलं. दोन आठवड्यांपूर्वी एक बाई लहानग्या पोराला घेऊन आली होती. पोराने खेळण्यातला बटणासारखा सेल नाकात घातला होता. बाईने सांगितलं, मामाजी "बरं बरं" म्हणाले आणि सर्दीचे थेंब लिहून दिले. सेल नाकात राहिला तर काही तासांत आतून सगळं जाळतो, हे मला तेव्हाच कळलं. वानखड्यांनी ते ऐकलं होतं म्हणून पोर मागच्या दाराने आत गेलं आणि वाचलं. "वानखडे त्या दिवशी जेवाले गेले असते तं?" ताई म्हणाली. तिच्या हातातली भाकर थापता थापता थांबली होती. भाऊजी मुलगा, त्यांनी बापाला कसं सांगायचं. ही सून. वानखडे चाळीस वर्षांपासूनचा नोकर. सगळ्यांनी एकमेकांकडे बोट दाखवलं होतं आणि ती बोटं आता फिरत फिरत माझ्यावर आली होती. मी म्हणालो, मी तर मुलीकडचा. ताई म्हणाली, "तुले त्यायनं सोताहून सांगितलं ना, खरं काढ म्हणून."

त्या दिवशी मी माळ्यावरच्या खोलीत बसून चित्र काढलं. पहिल्यांदाच पाठीत चिमटा बसला नाही. नाक निघालं ते असं निघालं की कागदाच्या कडेपर्यंत गेलं. कपाळावर आरसा, बारीक पाय, एका काखेत बरणी. समोर हात जोडून मान खाली घातलेल्या माणसांची रांग, सगळ्यांची तोंडं मिटलेली. आणि मामाजींच्या मोठ्या कानावर मी झेंडूचा एक जाडजूड हार लटकवला, इतका जाड की कान पूर्ण बुजून गेला. चित्र पुरं झालं तेव्हा मला वाटलं, ताईचा संसार मी आज मोडला.

सकाळी चहाच्या वेळी मी ते त्यांच्यासमोर ठेवलं. भाऊजी उभेच राहिले, ताई दारात. मामाजींनी चष्मा लावला. नाकापाशी ते खुदकन हसले, बरणीपाशी आणखी हसले. मग त्यांची नजर हारावर आली आणि तिथेच थांबली. "कानाले हार कावून?" त्यांनी विचारलं.

आता ही गोष्ट अशी होती की ती हळू आवाजात, गोड शब्दांत, पाठीवर हात ठेवून सांगावी. पण तशी सांगितली असती तर ती त्यांना ऐकूच गेली नसती. म्हणून व्याह्यासमोर आयुष्यात कधी आवाज न चढवलेल्या मी सगळ्या ताकदीनिशी, पानठेल्यापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणालो, "मामाजी, तुमाले ऐकू येत नाही. लोक सांगत नाहीत."

रस्त्यावरची एक सायकल थांबली असावी. मामाजी चहा तसाच ठेवून उठले. चित्र हातात घेऊन ते दवाखान्यात गेले आणि त्यांनी दार लावलं. वानखड्यांनी फटीतून पाहिलं ते आम्हाला नंतर सांगितलं. मामाजींनी टेबलाच्या खणातून ऐकू येतं की नाही ते पाहायचा, ठोकला की गुणगुणणारा लोखंडी काटा काढला, गुडघ्यावर ठोकला आणि स्वतःच्या कानापाशी धरला. पुन्हा ठोकला, दुसऱ्या कानापाशी धरला. दुसऱ्यांचे कान त्यांनी जन्मभर याच काट्याने तपासले होते. मग बराच वेळ ते नुसता काटा हातात धरून त्या आरसेवाल्या साहेबाकडे पाहत बसले.

बाहेर आले ते सरळ भाऊजींपुढे उभे राहिले. "पेशंट दोनदा तपासून राह्यले काय तुमी?" त्यांनी विचारलं. भाऊजींनी हो म्हणून मान हलवली. "कोणाचं काई वाकडं झालं?" भाऊजींनी ते सेलचं सांगितलं, जवळ जाऊन, एकेक शब्द तोडून. मामाजी खाली बसले. दोन्ही हात त्यांनी मांडीखाली दाबून धरले. ताईने पाणी आणलं, ते त्यांनी घेतलं नाही. शेवटी त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "दहापैकी नऊ," ते म्हणाले. "नाक अजून लहान हाय." मग ते रडले, आणि मीही.

त्या दिवसापासून त्यांनी एकाही पेशंटच्या कानाला हात लावला नाही. सत्काराला गेले, हार हातात घेतला, शेजारच्याच्या मांडीवर ठेवला आणि भाषणात एवढंच म्हणाले की आपण बहिरे झालो असून तपासणी थांबवली आहे. लोकांना वाटलं, हा विनोद आहे. टाळ्या पडल्या. त्यांनी कानाला मशीन बसवलं, लाजत लाजत, आणि पानठेलेवाल्याने त्यांना त्यांचंच चष्म्याचं वाक्य ऐकवलं. मशीन लावल्यावर पहिला आठवडा ते फार चिडलेले होते. घरात भांडी इतक्या जोरात घासतात हे आपल्याला कोणी सांगितलं नव्हतं म्हणाले, आणि टीव्हीवरची माणसं एवढी का ओरडतात याची चौकशी करू लागले. आता आळीतल्या चार घरांना आपापले टीव्ही दुरुस्त करून घ्यावे लागले आहेत. माझं चित्र त्यांनी चौकटीत घालून आरसेवाल्याच्या शेजारी रिकाम्या जागेवर स्वतः लावलं.

रिकामपण मात्र त्यांना सोसत नाही. सकाळी दवाखाना उघडला की ते साधा सदरा घालून, आरसा न लावता, पेशंटांच्या बाकावर येऊन बसतात. मला ते तसं पाहवत नाही. खुर्चीत बसले की किती मोठे दिसायचे.

गेल्या खेपेला मी गेलो तेव्हा त्यांच्या शेजारी बसलो होतो. तेवढ्यात अकोटच्या त्याच मावशी आल्या आणि मामाजींना खेटून बाकावर टेकल्या. इतक्यांदा पाया पडूनही त्यांनी त्या माणसाचा चेहरा कधी वर मान करून पाहिलेला नसावा, कारण त्यांनी ओळखलं नाही. समोरच्या चित्राकडे मात्र त्या निरखून पाहत राहिल्या. मग मामाजींनाच म्हणाल्या, "भाऊ, हे नाकवाले डाक्टर कोण्या दिवशी बसते?"

मामाजींना पहिल्याच वेळी ऐकू आलं. मला वाटलं, आता हसतील. ते म्हणाले, "हे इथले मोठे डाक्टर. आता नाई बसत, मावशी."

"बरं झालं बापा," मावशी म्हणाल्या आणि आवाज खाली केला. "मांगच्या खेपी त्यायनंच ह्या कानातला मळ काहाडला. दुखे तं तो दुसरा कान."

"मंग सांगतलं कावून नाई?"

"एवढ्या मोठ्या माणसाले कसं सांगाव?"

मामाजींनी मशीनचा आवाज बोटाने वाढवला, बाकावर सरकून त्यांच्याकडे पूर्ण तोंड केलं आणि म्हणाले, "मले सांगा. कोणता कान?"

मावशींनी सांगितलं, आणि मग कानापासून सुरू करून सून, म्हैस, मोडलेली एसटी असं सगळं सांगत गेल्या. मामाजी कुठेच "बरं बरं" म्हणाले नाहीत. नंबर आला तेव्हा त्या उठल्या आणि बाकावरच्या त्या म्हाताऱ्या माणसाच्या पाया न पडता आत गेल्या.